जुनी गाडी भक्कम की नवी? आधी टेप काढा, मग वाद घाला

‘पद्मिनीचा पत्रा बघ, हातोडी मारली तरी वाकत नाही.’ ‘अरे, पण तिला एअरबॅग कुठे आहे?’ वाद इथून सुरू होतो आणि चहा संपला तरी इथेच असतो, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एकाला गाडी टिकायला हवी आहे, दुसऱ्याला आतला माणूस. तिसरा कोपऱ्यातून म्हणतो, ‘नव्या गाडीचा बल्ब तरी बदलता येतो का तुम्हाला?’ त्याचंही खरंच आहे.

डिझाइन चांगलं की वाईट, हे ‘कोणासाठी’ आणि ‘कोणत्या कामासाठी’ ते ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. ठरवलं, की त्यातलं बरंचसं टेपने, घड्याळाने आणि साध्या गणिताने तपासता येतं. त्यासाठी अर्धा दिवस, सपाट मोकळी जागा आणि शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोन गाड्या लागतात. सामान मोजकंच: 5 मीटरचा टेप, खडू, बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या म्हणजे फिलर गेज, मल्टिमीटर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, फोनला जोडता येणारा ओबीडी रीडर आणि साधारण 75 सेंटिमीटर उंच वस्तू. प्लास्टिकच्या स्टुलावर उपडी बादली ठेवली तरी चालते.

कोणती जुनी, कोणती नवी

‘जुनी’ म्हणजे नेमकं कोणतं साल, हे आधी कागदावर लिहा. आपल्याकडे जुनी म्हटलं की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अँबॅसॅडर डोळ्यांसमोर येते. पद्मिनी मुळात 1960च्या दशकातली फियाट 1100डी. अँबॅसॅडरचा सांगाडा त्याहून जुना, 1950च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा. पण डिसेंबर 1983मध्ये आलेली मारुती 800 जुनी की नवी? पुढच्या चाकांना ताकद, 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साधारण 650 किलो वजन. मांडणी आजच्या छोट्या गाडीचीच. पण पहिल्या मारुतीला कार्बोरेटर होता आणि एअरबॅगचा पत्ता नव्हता. ‘नवी’ हा शब्दही तितकाच फसवा. जानेवारी 2014मध्ये गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. त्यात अल्टो 800 आणि नॅनोही होत्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. डिसेंबर 2018मध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. म्हणजे पाच वर्षांतच ‘नवी गाडी’ या शब्दांचा अर्थ बदलला. तेव्हा मॉडेल आणि साल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गाळणी दोषाची. दोष दिसला की विचारा: हा याच गाडीत आहे, त्या वर्षाच्या सगळ्या गाड्यांत आहे, की त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत आहे? पहिला निगा न राखल्याचा, दुसरा कारखान्याचा, आणि तिसराच तेवढा डिझाइनचा. उदाहरणार्थ, स्टीअरिंगचा खेळ. इंजिन बंद, चाकं सरळ. स्टीअरिंगच्या कडेवर खडूची खूण करा आणि दुसऱ्याला पुढच्या चाकापाशी बसवा. चाक हलायला लागेपर्यंत स्टीअरिंग किती फिरतं ते कडेवर मोजा. जुन्या वर्म (मळसूत्री) पद्धतीच्या स्टीअरिंग बॉक्सला, मधल्या सगळ्या सांध्यांसकट, दोनेक सेंटिमीटर खेळ मूळचाच असतो. तो डिझाइनचा. पाच सेंटिमीटर निघाला तर बहुधा चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट गेलेत. त्याचं खापर फियाटवर फोडू नका.

आणि एक सापळा. आज रस्त्यावर दिसणारी जुनी गाडी ही वाचलेली गाडी आहे. तिच्या बाकीच्या बहिणी कधीच भंगारात गेल्या. ‘जुन्या गाड्या टिकायच्या’ हे जिवंत उरलेल्यांकडे बघून काढलेलं अनुमान आहे.

पहिली तपासणी: काचेतून काय दिसतं

इथे जुनी गाडी सरळ जिंकते, म्हणून इथूनच सुरुवात करा. समोरच्याला मान्य करण्यासारखं काही मिळालं की पुढचा वाद शांतपणे होतो.

चालकाच्या सीटवर नेहमीसारखं बसा. बाहेरच्या माणसाला बादली ठेवलेलं स्टूल बंपरला टेकवायला सांगा आणि मग हळूहळू पुढे सरकवू द्या. बादलीची वरची कड दिसायला लागली की ‘थांब’ म्हणा आणि बंपरपासूनचं अंतर मोजा. हेच मागच्या बाजूला आरशातून आणि मान वळवून करा. 75 सेंटिमीटर म्हणजे नुकतं चालायला लागलेलं मूल. उंच बॉनेटच्या आजच्या एसयूव्हीत हे अंतर पाहून बरेच जण गप्प होतात. मागे कॅमेरा असेल तर त्याचा गुण द्या, पण लेन्सवर चिखल उडाल्यावर काय दिसतं तेही बघा.

आता समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे पिलर. चालकाच्या डोळ्यातून दिसणारी पिलरची रुंदी मोजायची, पत्र्याची नाही. एक डोळा मिटून, पिलरवर आडवा टेप धरून आतली आणि बाहेरची कड वाचा. मग डोळ्यापासून पिलरपर्यंतचं अंतर घ्या. ते साधारण 70 सेंटिमीटर येतं.

इथलं गणित गमतीचं आहे. माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. पिलर त्याहून अरुंद असेल तर एका डोळ्याला झाकलेलं दुसऱ्याला दिसतं आणि पिलरमागे पूर्ण लपलेलं काहीच उरत नाही. पिलर 10 सेंटिमीटरचा झाला की 10 मीटरवर दोन्ही डोळ्यांना न दिसणारी पट्टी साधारण 55 सेंटिमीटरची होते. 12 सेंटिमीटरला ती 85च्या घरात जाते. समोरून येणारा मोटारसायकलवाला स्वारीसकट तेवढ्यात मावतो. वळण घेताना आपली गाडी आणि तो एकाच गतीने सरकत असतील, तर तो शेवटपर्यंत त्या पट्टीतच राहतो. ‘कुठून आला कळलंच नाही’ या वाक्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पिलर जाड का झाले, त्याचं उत्तर पुढच्या तपासणीत आहे. तोवर सवय एवढीच लावा: चौकात वळताना मान नुसती फिरवायची नाही, धड पुढे-मागे हलवायचं. डोक्याची जागा दहा सेंटिमीटर सरकली की पट्टीही सरकते.

दुसरी तपासणी: पत्रा आणि सांगाडा

अंगठ्याने दरवाजा दाबून ‘डबा आहे’ म्हणणं ही आपली राष्ट्रीय चाचणी. ती विसरा. बाहेरचा पत्रा नव्या गाडीत 0.7 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि जुन्यापेक्षा पातळ असतो, हे खरं. पण धडकेचा मार तो पत्रा झेलत नाही. मार झेलतात पिलर, दाराखालचे सिल, छताच्या कडा आणि दारातली आडवी बीम. जुन्या गाडीत हे सगळं साध्या नरम पोलादाचं असायचं. तुटायच्या आधी ते 300 मेगापास्कलच्या आसपास ताण सहन करतं. आज पिलरला गरम दाबून केलेलं बोरॉन पोलाद वापरतात, त्याची ताकद 1500च्या घरात. ‘जुन्या गाडीला चॅसी असते म्हणून ती भक्कम’ हेही पद्मिनी आणि अँबॅसॅडरच्या बाबतीत चुकीचं. दोघींचा सांगाडा मोनोकॉक, म्हणजे बॉडीतच सामावलेला. वेगळी चॅसी हवी असेल तर जीपकडे जा.

मूळ मुद्दा थांबायला मिळणाऱ्या अंतराचा आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. तेवढ्या वेगातलं शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबलं तर सरासरी मार साधारण 20 जी, म्हणजे शरीराच्या वजनाच्या 20 पट. 10 सेंटिमीटरमध्ये थांबलं तर जवळजवळ 100 जी. नव्या गाडीचं नाक चुरगळतं ते हा अर्धा मीटर मिळवून देण्यासाठी. नाक मुद्दाम मऊ आणि माणसांची खोली मुद्दाम कडक, ही मांडणी मर्सिडीजच्या बेला बरेनीने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट केली. जुन्या कडक गाडीत नाक वाचतं आणि मार आत पोहोचतो. किंवा त्याहून वाईट, नाक आणि खोली दोन्ही एकदमच कोसळतात.

याचा पुरावा हवा असेल तर 2009 साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने केलेली धडक चाचणी बघा. 1959ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009ची शेव्हरोले मॅलिबू ताशी 64 किलोमीटर वेगाने अर्ध्या तोंडाने एकमेकींवर आदळवल्या. भलीमोठी बेल एअर चालकाच्या जागेवर मिटली आणि मॅलिबूची खोली शाबूत राहिली. त्या चाचणीचा व्हिडिओ पाहिल्यावर ‘जुनं लोखंड’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

शेजारच्या दोन गाड्यांत हे पुढच्या क्रमाने बघा. बॉनेट उघडा आणि स्टीअरिंगचा दांडा कुठे जातो ते शोधा. पुढच्या टोकाकडच्या बॉक्सपर्यंत एकच सरळ दांडा असेल, तर धडकेत तो छातीकडे येतो. मधे युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) किंवा दबणारी नळी असेल, तर तो दुमडतो. मग सीटला डोकं टेकायला आधार आहे का, तो कानाच्या उंचीवर येतो का. पट्टा तीन टोकांचा आहे का आणि खांद्याचं टोक पिलरलाच बसवलंय का. डॅशबोर्डवर गुडघा आणि कपाळ जिथे आपटेल तिथे उघडी पत्र्याची कड किंवा टोकदार बटण आहे का. शेवटी चारही दारं उघडून सिलच्या खालच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ‘टण’ आवाज आला तर बरं, ‘भद्द’ आला तर आत गंज. गंजलेल्या सिलच्या मोनोकॉकला डिझाइनचे गुण देण्यात अर्थ नाही, ती गाडी कागदावरच शिल्लक आहे.

या तपासणीत जुनी गाडी हरते. थोडी नाही, पूर्ण हरते.

तिसरी तपासणी: ब्रेक

मोकळ्या, कोरड्या, बंदिस्त जागेतच. रस्त्यावर नाही, मागे कोणी नसलं तरी नाही.

खडूची रेघ मारा, ताशी 40च्या वेगाने या आणि रेघेवर पाय दाबा. गाडी थांबल्यावर अंतर मोजा. तीन वेळा करून मधला आकडा धरा. चांगले डिस्क आणि चांगले टायर असतील तर 8 मीटरच्या आसपास येतो. 12-13 मीटर आला म्हणजे ब्रेकची पकड त्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी आहे. थांबताना गाडी एका बाजूला ओढते का, तेही लिहा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे लायनर. ड्रम मुळात वाईट नाहीत, गार असताना छान धरतात. पण उष्णता आतच कोंडते. लायनर तापले की घर्षण कमी होतं, शिवाय ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो. म्हणून बोरघाट किंवा आंबोलीचा घाट उतरताना पेडल हळूहळू खाली जातं आणि जळका वास येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम याच डिझाइनच्या उणिवेतून आला.

मोजण्याआधी जुन्या गाडीला न्याय द्या, म्हणजे ड्रम सेट करा. जॅक लावा, स्टँड द्या, चाक हाताने फिरवत अ‍ॅडजस्टर आवळत जा. लायनर घासू लागला की चाक मोकळं फिरेपर्यंत किंचित मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत तर गाडी ओढणारच. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो 155पर्यंत उतरू शकतो. मग घाटात तेलाची वाफ होते आणि पेडल थेट फरशीला टेकतं.

एबीएसबद्दल एक गैरसमज कायम दिसतो. त्याचं मुख्य काम अंतर कमी करणं नाही, चाक लॉक न होऊ देऊन स्टीअरिंग शाबूत ठेवणं आहे. सुट्या खडीवर एबीएसच्या गाडीला उलट जास्त अंतर लागू शकतं. आपल्याकडे एप्रिल 2019पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीची ‘नवी’ गाडी घेताना आवर्जून विचारा.

चौथी तपासणी: बॉनेटखाली घड्याळ लावा

जुन्या गाडीचे चाहते इथे बाह्या सरसावतात, आणि निम्मे बरोबरही असतात.

सहा कामं ठरवा: एअर फिल्टर, एक स्पार्क प्लग, हेडलाइटचा बल्ब, फॅन बेल्ट, बॅटरी आणि फ्यूज. प्रत्येक काम करायला किती मिनिटं, किती पाने (स्पॅनर) आणि आड येणारे किती भाग काढावे लागतात, ते लिहा. सगळं पूर्ण खोलायची गरज नाही, हात पोहोचतो का एवढंच बघितलं तरी चित्र दिसतं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन त्या खोलीत पाहुण्यासारखं बसलेलं असतं, चारही बाजूंनी हात जातो. नव्या गाडीत बल्बसाठी कधी बंपर सोडवावा लागतो, आणि एलईडीचा दिवा गेला तर अख्खं युनिट बदलतात. हे डिझाइनच वाईट. त्याला ‘तंत्रज्ञान’ म्हणून सूट देऊ नका.

पण दुसऱ्या कागदावर हेही लिहा: ते काम किती वेळा करावं लागतं? जुन्या इंजिनाला दर चार-पाच हजार किलोमीटरला पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी उघडझाप करणारी टोकं) बघायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटरचं स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) जुळवायचं, तेल बदलायचं. नव्या पेट्रोल गाडीला पॉइंट नाहीतच, तेल बहुधा दहा हजारांवर आणि प्लग त्याहून कितीतरी उशिरा. सोपं पण वारंवार, की अवघड पण क्वचित? मिनिटं गुणिले वर्षातल्या खेपा असा हिशेब केला तर जुनीची आघाडी बरीच ओसरते.

पॉइंटचं काम कधी केलं नसेल तर एकदा करून बघा, म्हणजे आपण कशाची तुलना करतोय ते कळेल. डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढा. इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा. फटीत फिलर घाला. अशा इंजिनांना साधारण 0.40 ते 0.50 मिलिमीटर फट असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फिलर किंचित अडत सरकला पाहिजे. स्क्रू आवळताना फट हमखास हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. टोकं काळवंडून खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पॉइंट बदला आणि सोबत कंडेन्सरही. फट जास्त झाली तर कॉइल पुरेशी भरत नाही आणि गाडी वेगात अडखळते. कमी झाली तर पॉइंट जळतात आणि टायमिंग मागे जातं. नव्या गाडीत हे सगळं सेन्सर आणि कॉम्प्युटर पाहतात, आणि पॉइंटची टाच झिजते तसं त्यात काहीच झिजत नाही.

बिघाड शोधणं हा वेगळा विषय. जुनी गाडी सुरू होत नसेल तर दोनच प्रश्न: ठिणगी आहे का, पेट्रोल येतंय का. नव्या गाडीत स्टीअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला ओबीडी रीडर लावा. मग गाडीच सांगते काय झालंय: पी0300 आला तर इंजिन मिस करतंय, पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. मात्र कोड म्हणजे निदान नाही. पी0171 दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे बरेच असतात. आधी इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणारे पाइप आणि क्लिपा बघा, तडकलेला रबरी पाइप काही रुपयांचा असतो. खरा प्रश्न पुढचा: तो कोड वाचून उपाय तुम्ही करू शकता, की किल्ली जुळवायलासुद्धा कंपनीच्याच स्कॅनरकडे जावं लागतं? ज्या गाडीत साधी दुरुस्ती कुलपात ठेवलीय तिचे गुण कापा.

पाचवी तपासणी: मे महिना आणि जुलै महिना

जुन्या गाडीतला पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीत बसलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढण्याने दाब कमी होतो, वर इंजिनाची धग, त्यामुळे पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद. मेकॅनिक याला ‘एअर लॉक’ म्हणतात. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबणं हा अजूनही खरा उपाय. नव्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल साधारण तीन बार दाबाने ढकलतो. दाबाखाली ते सहजी उकळत नाही. फक्त टाकी सतत तळाला ठेवू नका, कारण त्या पंपाला गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

पंखा बघा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा ट्रॅफिकमध्ये, म्हणजे नेमका गरज असताना, सर्वांत हळू फिरतो. विजेचा पंखा तापमान बघून फिरतो. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र दोन्हींतही उघडायचं नाही.

पावसात चित्र उलटतं. जुन्या गाडीची डेल्को भिजली की गाडी बंद पडते. टोपी काढून आतून कोरडी पुसली की पुन्हा सुरू. नव्या गाडीची इग्निशन बंदिस्त, ती भिजत नाही, म्हणून गाडी चालतच राहते आणि हवेच्या तोंडातून थेट पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. तेव्हा बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून हवेच्या तोंडापर्यंत पाइप शोधा आणि त्या तोंडाची जमिनीपासूनची उंची मोजून डॅशबोर्डच्या कप्प्यात लिहून ठेवा. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी दिसलं तर हा आकडा ‘ग्राउंड क्लिअरन्स’पेक्षा कामाचा आहे. पुढच्या बसची लाट धरून त्यातून निदान पंधरा सेंटिमीटर वजा करा. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. बरीच इंजिनं त्या दुसऱ्या सेल्फने मरतात.

सहावी, छोटी: डोळे मिटून

गाडी उभी असताना डोळे मिटा आणि सांगितलेलं काम करा: वायपर, काचेवरची वाफ घालवणं, पंख्याचा वेग, हॅझर्ड. वेळ मोजा. ताशी 60ला सेकंदाला जवळपास 17 मीटर जातात. स्क्रीनवर तीन सेकंद लागले तर 50 मीटर आंधळे. युरो एनकॅपनेही 2026पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅझर्ड आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींना खरी बटणं असण्याचे गुण ठेवलेत. इथे पद्मिनी आणि मारुती 800ला पूर्ण गुण देऊन मोकळे व्हा.

टायरचंही दोन मिनिटांत उरका. बाजूच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदी गुणिले टक्का. 165/80ला 132 मिलिमीटर, 195/55ला 107. खड्ड्यात रिम वाकणार की नाही ते या आकड्यावर बरंच ठरतं. महागड्या व्हेरिएंटचं मोठं रिम म्हणजे बऱ्याचदा पैसे देऊन घेतलेली कमी गादी.

गुण मांडताना

प्रत्येक तपासणीला दहापैकी गुण द्या, पण सरळ बेरीज करू नका. कामाप्रमाणे वजन द्या. रोज मुंबई-पुणे करणाऱ्याने सांगाडा आणि ब्रेकला निम्मं वजन द्यावं. रविवारी सकाळी गावातल्या गावात फिरवणाऱ्याने दुरुस्ती आणि सुट्या भागांना जास्त दिलं तर त्याला हसू नका. वजनं गाड्या तपासण्याआधी लिहा, नंतर नाही. नंतर लिहिली की जो तो आपली गाडी जिंकेल अशीच लिहितो.

मुंबईच्या रस्त्यावरचा निकाल सरकारी नियमानेच लागला. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मर्यादा भरल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्यांतून पद्मिनी संपली.

जुनी ठेवायची असेल तर

आधी पेट्रोलचे पाइप बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, पंपाचा पडदा खातं आणि टाकीत पाणी धरून गंज आणतं. एसएई जे30 आर9 छापलेला पाइप मागा. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून मिश्रण पातळ पडतं. प्लगचं टोक पांढरट दिसू लागलं तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घाला. अँबॅसॅडरच्या जुन्या बीएमसी इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक कडक केलेली नसते, तिला शिशाच्या पेट्रोलचा आधार होता. ते पेट्रोल 2000 साली बंद झालं. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट वारंवार कमी होत असेल तर बैठक खाली जातेय असं समजा आणि हेड उतरवाल तेव्हा कडक इन्सर्ट बसवून घ्या.

पुढे तीन टोकांचे पट्टे. बोल्ट 7/16 इंच यूएनएफ, आणि पत्र्यामागे किमान 3 मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी प्लेट. नुसत्या वायसरवर बसवलेला पट्टा धडकेत पत्रा फाडून बाहेर येतो.

हेडलाइट मंद वाटत असेल तर जास्त वॅटचा बल्ब घालू नका, वायर जळेल. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर रिले बसवा, म्हणजे बल्बला वीज थेट बॅटरीवरून मिळते. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश जवळपास तीस टक्के घटतो. तो एवढ्या एका कामात परत मिळतो.

गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढायची. नोंदणी करण्याआधी हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

नवी घ्यायची असेल तर

शोरूममध्ये टेप आणि बादली घेऊन जा, हसले तर हसू द्या. मधल्या व्हेरिएंटचं लहान रिम, एसीची गोल बटणं आणि शक्यतो पूर्ण मापाची स्टेपनी मागा. 2020पासून टायरच्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे, म्हणून डिकीचा तळ उचलून बघा. तारे बघताना चाचणीचं साल आणि चाचणी झालेल्या गाडीतल्या एअरबॅगची संख्या वाचा, मग तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये तेवढ्या आहेत का ते कोटेशनवर लिहून घ्या. हेडलाइट युनिटची किंमत सर्व्हिसच्या काउंटरवर विचारा, विक्रीच्या नाही.